गुरुवारची तारीख

ब्रसेल्स, सोमवार

प्रिय बाबा,

नमस्कार. मी मजेत आहे. आईने भाजून दिलेली अक्रोडाची पोतित्सा ऑफिसात एका दिवसात संपली. तुमचा खोकला कसा आहे?

तुम्ही विचारलंत, एवढं शिकून मी करते काय. कंपनीच्या संगणकात कुणी घुसलं, तर तिला चार कायद्यांखाली चार कार्यालयांना चार अर्ज भरावे लागतात. आम्ही त्या चारांचा एक करतोय. लहान कारखान्यांचा मोठा त्रास वाचेल, असं मला मनापासून वाटतं.

गेल्या आठवड्यात नमुन्याच्या अर्जांत तुमच्या डेअरीचे चार निघाले. शीतगृहाचं दार कुणीतरी बाहेरून संगणकावरून बंद केलं, असं त्यांत आहे. चौथ्यात एक जास्तीचा रकाना आहे, ‘आत अडकलेली माणसं’. तिथे लिहिलंय, एक. चारही अर्जांवर तारीख येत्या गुरुवारची आहे.

“तारीख चुकली असेल गं, काय भुताटकी लावलीस!” ऑफिसात शेजारी बसणारा योरिस म्हणाला. फोनवर तुम्हीही हसलात. पण खाली सही तुमच्या डेअरीच्या कचेरीतल्या झाल्काकाकूंची आहे, आणि त्या म्हणतात, “पोरी, मी कुठलेच अर्ज पाठवले नाहीत.”

बाकी तिन्हींत नाही म्हणून योरिस नव्या एकत्र अर्जातून तो रकाना गाळायला सांगतोय. मी ठेवलाय. गाळला, तर तो माणूस कुठल्याच कागदावर उरणार नाही.

बाबा, गुरुवारी शीतगृहात जाऊ नका. जावंच लागलं, तर दारात लाकडाची पाचर ठोका. हे पत्र जलद टपालाने बुधवारी पोचेल.

मी रोज सकाळी तो रकाना उघडून पाहते. आजही तिथे एकच आहे.

तुमचीच,
नेझा