फ्रेमच्या मानेवरचा नंबर

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

नंबर जुळत नाही!

तीनदा पाहिलं. आरसी बुकात बाबांचं नाव आहे, १९८४ ची येझदी, चेसिस नंबरचा शेवट ४१७. आणि फ्रेमच्या मानेवर, हँडलच्या खाली, कोरलेला शेवट ०९२. मधले आकडेही वेगळे. इंजिनचा नंबर मात्र बरोबर.

आरटीओत पासिंगच्या अर्जाला नंबरची छाप लागते, म्हणून आज मानेवरचा नवा रंग हलक्या हाताने खरवडला. कागद धरून वरून पेन्सिल घासली. काळ्यातून पांढरे आकडे वर आले.

चांदपाशा चाचांना हाक मारली. आठ महिने झाले, कंपनी सुटली की त्यांच्याच गॅरेजमध्ये मी बाबांची ही जुनी गाडी पुन्हा उभी करतोय. चाचांनी चष्मा वर केला, खाली केला. "माऊली, ये तो दुसरीच गाडी है रे." मग आवाज उतरवून, "किसीकू नक्को बोल. आधी बाबांना विचार. जरा सांभाळून."

काय विचारू? बाबा, गाडी चोरीची आहे का, असं?

मंगळवार, ४ नोव्हेंबर

कंपनीच्या स्टोअरमध्ये एकच खोकं दोनदा मोजलं. साहेब म्हणाले, "लक्ष कुठंय?"

घरी येऊन वही काढली. गाडी खोलली तेव्हा प्रत्येक नट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव, दोनशे चौदा फोटो. फ्रेम पावडर कोटिंगला दिली तेव्हा तिलाही तारेने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली होती. एवढं सगळं केलं, पण नंबरचा फोटो नाही! मानेवर ग्रीस आणि गंजाचा इतका थर होता की आकडे दिसतच नव्हते. साफ होऊन आली की बघू म्हणालो.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

लहानपणी टाकीवर बसून मी बाबांबरोबर शेतात जायचो. पेट्रोलचा वास, खालून येणारी धडधड. अख्ख्या देवगाव रंगारीत तसा आवाज दुसऱ्या गाडीला नव्हता. पण घर ते शेत, एवढंच. शहरात यायचं तर बाबा एसटीने. विचारलं की म्हणायचे, "बस बरी." पुढे गाडी गोठ्यात गोणपाटाखाली गेली.

तेव्हा यात काही वाटलं नाही. आता सगळंच संशयाचं वाटतं. आणि स्वतःची लाजही वाटते. शेजारच्या बांधावर पडलेली चिंच उचलली म्हणून याच माणसाने मला परत ठेवायला पाठवलं होतं!

पासिंगला नेली आणि गाडी जप्त झाली तर? बाबांना पोलीस ठाण्यात बोलावलं तर?

रविवार, ९ नोव्हेंबर

गावी गेलो. बाबा ओट्यावर मक्याची कणसं सोलत होते.

मी म्हणालो, "बाबा, गाडीचा नंबर जुळत नाही."

वाटलं होतं, विचारतील — कोणता नंबर? वर न बघता म्हणाले, "मला वाटलंच व्हतं. कवातरी निघणार."

मी खाली बसलो.

हळूहळू बोलले. एक्याण्णव साली बिडकीनच्या एका माणसाकडून घेतली. आधी गाडी दिली, कागद महिन्याने. "मला लई घाई व्हती. लग्न ठरलं व्हतं, गाडीवर मिरवायचं व्हतं. इचारलंच नाय." दुसऱ्या वर्षी कन्नडच्या बाजारात एक माणूस गाडीपाशी थांबला. चहूबाजूंनी फिरला, टाकीवर हात ठेवला, खाली वाकून बघितलं. बाबा समोर चहाच्या टपरीवर. पुढे झालेच नाहीत! तो गेल्यावर गाडी आडरस्त्याने ढकलत आणली, चालू करायचीही हिंमत झाली नाही.

आई चहा घेऊन आली. "काय झालं रे?"

"काय नाय. नटबोल्टाचं बोलतोय," बाबा म्हणाले.

निघताना मला म्हणाले, "ठाण्यात जायचं झालं तर एकला जाऊ नको. मी येतो संगं."

मंगळवार, ११ नोव्हेंबर

रागावू की नको, तेच कळत नाही. बाबांनी चोरी केली नाही. पण विचारलंही नाही. याला काय म्हणायचं?

चाचांना सांगितलं. "तोडून टाकू का?" "पागल है क्या! ऐसी गाडी कोण तोडतं?"

हात रिकामे नकोत म्हणून स्टँड लावायला घेतला. बोल्ट बसेना. काढताना सहज निघाला होता! माप वहीत आहे, बोल्ट तोच आहे. बाबांचंही कळत नाही, बोल्टचंही कळत नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

पावडर कोटिंगवाल्या तौफिकचा फोन. "माऊलीभाई, पहले बोल, गुस्सा नहीं करेगा."

सप्टेंबरमध्ये त्याच्याकडे एकाच दिवशी दोन येझदीच्या फ्रेमा होत्या. एक माझी, एक सोयगावच्या कुणाची. रंग भट्टीत भाजून पक्का करतात, पुठ्ठा त्यात जळतो, म्हणून चिठ्ठ्या सोडून खिळ्याला अडकवतात आणि फ्रेम गार झाली की परत बांधतात. त्या उलट्या बांधल्या गेल्या! सोयगाववाला पासिंगला अडकला तेव्हा उघड झालं.

मी चिठ्ठी वाचून फ्रेम आणली होती. अक्षर माझंच होतं. आणखी काय तपासायचं, असं वाटलं होतं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

फ्रेम बदलून आणली. मान खरवडली, छाप घेतली. ४१७! पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक आकडा बरोबर. पाच वेळा ताडून पाहिलं.

चाचा खोकला येईपर्यंत हसले. "तेरे चिठ्ठीने तेरे बाप को चोर बनाया रे!"

मला हसू आलं नाही. चिठ्ठीने काय केलं? बाबा तर चौतीस वर्षं स्वतःला तसंच समजत होते.

रविवार, १६ नोव्हेंबर

बाबांना छाप दाखवली. त्यांनी कागद हातभर लांब धरून एकेक आकडा वाचला. मग म्हणाले, "म्हंजी कन्नडच्या बाजारातला त्यो माणूस... नुसती गाडी बघत व्हता?"