मागच्या बाकावरची बाई

३ तारीख, सोमवार

एक माणूस जास्त होता!

पहिलीच्या नव्या पोरांचं आणि त्यांच्या घरच्यांचं आज स्वागत. फुगे, कागदी टोप्या, फळ्यावर मी काढलेला हत्ती (सगळे त्याला डुक्कर म्हणाले). आईबाप पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेले. एकाचं पोरगं भोकाड पसरून रडतंय आणि हा बाबा त्याचा व्हिडिओ काढतोय. हे सगळं नेहमीचंच.

पण मागच्या बाकावर एक बाई. करड्या ओढणीतली, एकटी. वाटलं, असेल कुणाची आत्या-मावशी. मग मी पोरांच्या तळव्यांना रंग लावून कापडावर ठसे घ्यायला लागले. एकेकाच्या घरचे हौसेने पुढे येत होते. ही जागची हलली नाही.

जवळ जाऊन विचारलं, "तुम्ही कुणाकडच्या?"

"बघायला आले होते." एवढं बोलून उठली नि चालती झाली.

बघायला? शाळा म्हणजे काय प्रदर्शन आहे?

४ तारीख, मंगळवार

गेटबाहेर उभी! शाळा भरताना आणि सुटतानाही. वॉचमन म्हणतो, "रस्ता काय आपल्या बापाचा आहे का, बाई?"

हा तिला सामील तर नाही?

६ तारीख, गुरुवार

कुणाला बघते ते कळलं. गप्पूबाईला! (माझ्या वर्गातली पोर, तोंडातून अवाक्षर काढत नाही म्हणून मीच ठेवलेलं नाव.) गप्पूबाई बाहेर आली की त्या बाईची मान वळते. पोर आईचं बोट धरून वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत ही पापणी लववत नाही.

मोठ्या बाईंना सांगितलं. मुख्याध्यापिका झाल्यापासून त्यांना कशातच काही वावगं दिसत नाही. "असेल हो कुणी. तुम्हाला ज्याच्यात त्याच्यात चोर दिसतो." दिसतो! कारण असतो म्हणून दिसतो.

घरी यांना सांगितलं तर म्हणाले, "तू मास्तरीण आहेस की फौजदार?" आणि वर्तमानपत्रात डोकं खुपसलं.

७ तारीख, शुक्रवार

एक युक्ती केली. पालकांना फोनवर निरोप धाडला: सोमवारपासून पहिलीची मुलं मागच्या दाराने सोडू. फक्त पालकांना हं. वॉचमनलाही सांगितलं नाही. बघू आता.

१० तारीख, सोमवार

मागच्या दाराशी सगळ्यांच्या आधी ती हजर!!

म्हणजे आपल्यातलंच कुणीतरी तिला बातम्या पुरवतंय. दिवसभर एकेका आईबापाचा चेहरा आठवून पाहिला. व्हिडिओवाला बाबा मला पहिल्यापासून आवडलेला नाही.

११ तारीख, मंगळवार

आज सोक्षमोक्ष लावला.

मुलं बाहेर पडत होती. सरळ तिच्यासमोर गेले, दंड धरला. "कोण तुम्ही? या मुलीशी तुमचा संबंध काय?" आवाज चढलाच माझा. पालक गोळा झाले. मी म्हटलं, "पुन्हा इथे दिसलात तर पोलिसांत देईन!"

तिने गप्पूबाईकडे बघितलं. मग मला हळूच म्हणाली, "दप्तर जड होतंय का हो तिला? एका खांद्याने वाकते."

इतकं बारीक लक्ष!

वॉचमनने तिला कोपऱ्यापर्यंत नेऊन सोडलं. गप्पूबाईची आई तिथेच उभी, चेहरा पांढराफटक. बिचारी किती घाबरली असेल! "मी आहे ना, काळजी करू नका," म्हटलं. तिने नुसती मान डोलावली. एका आजोबांनी तर मला हात जोडले.

१२ तारीख, बुधवार

आली नाही.

१३ तारीख, गुरुवार

आजही नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, "बरं झालं, तुम्ही नेट लावलात." आता बोलतायत!

मधल्या सुट्टीत गप्पूबाईचं दप्तर सहज उचलून बघितलं. जडच आहे.

पण फितूर कोण, ते अजून कळायचंय. सोडणार नाही.

१४ तारीख, शुक्रवार

शाळा सुटल्यावर गप्पूबाईची आई वर्गात आली. दार लोटून घेतलं.

"बाई, तिला मीच बोलावलं होतं. मागच्या दाराचंही मीच कळवलं. पोर तिच्या पोटची आहे. तान्ही होती तेव्हा माझ्या ओटीत घातली तिने. शाळेचा पहिला दिवस तेवढा लांबून बघू दे म्हणाली. मग रोजच यायला लागली. मला नाही म्हणवेना."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुम्ही तिला हाकललंत, आणि मला... खरं सांगू? सुटल्यासारखं वाटलं." मग म्हणाली, "आता फोन उचलत नाही ती. एकटीने तिच्या घरी जायचा धीर होत नाही. तुम्ही याल?"

उद्या सकाळी जातोय. तिने दार उघडलंच, तर आधी कोणी बोलायचं ते आम्हा दोघींनाही ठाऊक नाही.