पत्रिकेतले प्राध्यापक

रीडिंग
१२ जानेवारी

ती. अर्चनाताईस,
सा. न. वि. वि.

संक्रांतीआधी हे पत्र काही तुला मिळत नाही, तेव्हा तिळगूळ मनातल्या मनात घे. फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले की शेजारची म्हातारी कुंपणावरून डोकावते, म्हणून आपलं हेच बरं.

बातमी अशी, की सियाचं लग्न ठरलं. मुलगा तियागो, पोर्तुगीज, फिजिओथेरपिस्ट आहे. यतीनला जावई एकदम पसंत, कारण ब्रॅकनेलच्या ऑफिसात बसून बसून आखडलेली पाठ तो फुकटात बघतो. लग्न मेच्या शेवटच्या शनिवारी. आधी रजिस्ट्रार, मग कम्युनिटी हॉलमध्ये आपले विधी आणि जेवण. तियागोची आई नाही. वडील दुआर्त सालेमा, तिकडे संगीताचे प्राध्यापक होते. आता इथेच मुलाजवळ राहतात. अतिशय सभ्य माणूस.

पत्रिका मात्र पुण्यातच छापून घे, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्लिश. मजकूर सोबत आहे. व्याह्यांच्या नावाआधी ‘प्रा.’ घालायला विसरू नकोस. आणि पहिली पत्रिका तूच जाऊन कसबा गणपतीपुढे ठेव.

सियाने काही लिहिलं तर फार मनावर घेऊ नकोस. मराठीत काय लिहावं नि काय नाही, याचा तिला पोच नाही.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो बॅगेत भरून मे महिन्यात इकडे घेऊन या.

तुझी,
मालविका

रीडिंग
२ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

बघ, विसरली नाही! लहानपणी तू मला महिन्याला एक पत्र लिहायला लावलं म्हणून माझा मराठी अजून जिवंत आहे. चुका दिसल्या तर लाल पेन काढू नको, मी आता नवरी आहे.

आई म्हणते दुआर्तबद्दल मावशीला जास्त सांगू नको. मला का ते समजत नाही. मी तर ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगितलं, माझा सासरा रॉकस्टार आहे.

खरंच आहे मावशी. तो सेतुबाल नावाच्या गावातला. त्याचे आईवडील दोघं सार्डिनच्या फॅक्टरीत कामाला, डबे भरायचे. त्यांच्या देशात हुकूमशाही होता, तो गेला तेव्हा दुआर्त चौदा वर्षाचा होता. तो म्हणतो, एकदम सगळ्यांना मोठ्याने बोलायची परवानगी मिळाली, आणि त्याला बोलायला येत नव्हतं म्हणून तो गायला लागला. मित्रांबरोबर बँड काढलं, नाव ‘काइस सेते’, म्हणजे बंदरातला सातवा धक्का. तेव्हा रॉक म्हणजे इंग्लिशमध्येच पाहिजे असं लोक समजायचे. ह्यांनी फॅक्टरीतल्या लोकांच्या भाषेत गायलं. पूर्ण देश नाचला. मग बँड तुटली, तो एकटा पॉप गायला लागला, टीव्हीवर आला, लोक म्हणाले हा विकला गेला. मग लोक विसरलेच. नंतर तियागोची आई गेली. मग तो मुलाकडे इथे आला. आता शुक्रवारी स्टेशनजवळच्या पोर्तुगीज कॅफेत गातो. मी दर शुक्रवारी जाते. शेवटच्या गाण्याला सगळे उभे राहतात, मीसुद्धा, शब्द न कळता.

बायको गेल्यापासून त्याने नवीन गाणं एकसुद्धा केलं नव्हतं. आमच्या लग्नासाठी करतोय! जेवणाच्या वेळी गाणार. त्यात एकच शब्द मराठी आहे, सून. त्याने विचारलं की त्यातला ऊ किती वेळ ओढता येतो. मी म्हटलं मावशीला विचारून सांगते. सांग ना लवकर.

काकांना नमस्कार. माझ्यावरचं लोभ कमी करू नको.

तुझी,
सिया

पुणे
२० फेब्रुवारी

चि. सौ. मालविकास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रिका छापून झाल्या, कुरिअरने निघाल्या. केशरी कागद, मोतिया अक्षरं. तुझ्या म्हणण्याप्रमाणे ‘प्रा.’ ठसठशीत घातलंय, इंग्लिश बाजूलाही. पहिली पत्रिका गणपतीपुढे ठेवून आले. गुरुजींनी मुलाचं नाव तीनदा विचारलं आणि शेवटी जावईबापू म्हणून मोकळे झाले.

आता तुझे भाऊजी मागे लागलेत. प्राध्यापकमहाशय नेमकं शिकवायचे काय, गळा की वाद्य, शिष्य किती, हे सगळं त्यांना हवंय. निवृत्तीनंतर या माणसाला बोलायला कुणी मिळत नाही, तर व्याह्यांशी गाण्यावर गप्पा मारायच्या म्हणून ते इंग्लिश सुधारताहेत. आरशासमोर. ऐकवत नाही गं.

तुला काही सांगायचं राहून गेलं असेल, तर पुढच्या पत्रात सवडीने लिही. मी वाट बघतेय. सियाला म्हणावं, ऊ हवा तेवढा ओढा, सून म्हणजे ओढ असतेच.

लोभ आहे, आणि तुझ्या काळजीने थोडं वजनही वाढलंय.

तुझी,
अर्चनाताई

रीडिंग
६ एप्रिल

ती. अर्चनाताईस,
सा. न.

आज नमस्कारसुद्धा खाली मान घालून लिहितेय.

पत्रिका मिळाल्या. रीतीप्रमाणे देवानंतरची पहिली व्याह्यांना द्यायला नारळ, अक्षता घेऊन मी आणि यतीन त्यांच्या फ्लॅटवर गेलो. त्यांनी पत्रिका दोन्ही हातांनी घेतली. इंग्लिश बाजू वाचली, मग पुन्हा वाचली, आणि हळूच विचारलं, की ते कशाचे प्राध्यापक आहेत. यतीन पडद्याचं कापड निरखायला लागला. मी सांगून टाकलं, की आमच्यात मानाने तसं लिहायची पद्धत आहे. इतकं सहज तोंडातून आलं! ते बरं म्हणाले, कॉफी केली, आणि आमच्या अक्षतांची पुडी कुठे ठेवू म्हणून विचारलं.

ताई, ते प्राध्यापक नाहीत. कधीच नव्हते. ते रॉक सिंगर आहेत. सियाने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी लॅपटॉपवर शोधलं, तर सोनेरी पँट घातलेला एक माणूस स्टेजवर गडाबडा लोळतोय आणि खाली पोरंपोरी किंचाळताहेत. आपल्याकडे गाणं म्हणजे मांडी घालून, तंबोरा जुळवून. बाबा तर गाताना हातसुद्धा जास्त हलवू द्यायचे नाहीत. माझ्या डोळ्यांपुढे इथल्या मराठी मंडळातल्या बायका आल्या. व्याही काय करतात विचारलं, तर काय सांगू, शुक्रवारी कॅफेत गातात? मला लाज वाटली गं. तेव्हा त्यांची वाटली.

पुढच्या आठवड्यात ते घरी आले तेव्हा मी ओळखलंच नाही. खांद्यावर रुळणारे केस बारीक कापलेले, अंगात राखाडी सूट. प्राध्यापक दिसतो का, असं सियाला विचारत होते. टोमणा नव्हता, ताई. टोमणा असता तर मी सहन केला असता. लग्नात कुणी काही विचारलं तर अडायला नको म्हणून लायब्ररीतून संगीताच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक आणलंय, ते चष्मा लावून वाचताहेत. शुक्रवारचं कॅफेतलं गाणं बंद केलं. आमच्यातल्या कुणी बघितलं तर मुलीच्या आईला खाली बघायला लागेल, असं तियागोला म्हणाले. आणि सियासाठी केलेलं नवं गाणं आता लग्नात गाणार नाहीत. प्राध्यापक गात नसतात, एवढंच म्हणाले.

सिया माझ्याशी बोलत नाही. जेवते, यतीनशी बोलते, डिशवॉशर लावते, वर निघून जाते. काल फक्त एवढं म्हणाली, की दुआर्त गाणार नसेल तर हॉल नको, विधी नकोत, ती आणि तियागो रजिस्ट्रारकडे सह्या करून येतील आणि मला फोटो पाठवतील. तेही बाहेर उभ्या असलेल्या माणसाला सांगावं तसं.

पत्रिका वाटून झाल्या, देवापुढे ठेवून झाली. आता शब्द मागे कसा घेऊ? देवापुढचं खोडायचं कसं? तू रागाव, पण काहीतरी सांग.

तुझ्या लोभाला मी पात्र आहे का, ते तूच बघ.

मालविका

पुणे
१७ एप्रिल

चि. मालविकास,
आशीर्वाद आहेतच, ते कुठे जातात.

आम्हाला फेब्रुवारीपासून माहीत होतं. सियाने सरळ लिहिलं होतं. पोच तिला आहे, तुला नाही.

आणि आम्हालाच कशाला? आमच्या लेकाने, अतुलने, पत्रिका हातात पडल्याबरोबर व्याह्यांचं नाव फोनमध्ये टाकलं. हल्ली अक्षता बाजूला ठेवून माणसं आधी तेच करतात. तुझ्या मंडळातल्या बायकांनीही केलं असणार, तुझ्याकडे बघून गोड हसत असतील एवढंच. सोनेरी पँट अख्ख्या नात्याने बघितलीय. तुझे भाऊजी सकाळी टेकडीवर जाताना कानात तीच गाणी घालतात. एक अक्षर कळत नाही, पण सम चुकवत नाहीत. माणसाला सुराची जाण आहे, असा त्यांचा निकाल आहे, आणि तो ते सहजासहजी देत नाहीत.

म्हणजे तुझं खोटं कुणाला खरं वाटलं, मालू? कुणालाच नाही. त्या एका अक्षरातलं खरं तेवढं एकट्या त्यांना कळलं, की या घराला माझी लाज वाटते. आणि ते ऐकून हा माणूस भांडला नाही, केस कापून आला.

माझंही तोंड काही उजळ नाही. तू आपणहून सांगशील म्हणून मी गंमत बघत बसले. छापखान्यात उभी असताना ते ‘प्रा.’ काढायला सांगणं माझ्या हातात होतं. नाही सांगितलं. उलट मनातल्या मनात हसत गणपतीपुढे ठेवून आले. मोठी बहीण म्हणवते आणि ही माझी अक्कल. तुझं पत्र वाचल्यापासून ह्यांच्याशीही नीट बोलवत नाहीये.

गणपतीच्या नावावर ढकलू नकोस. त्याला सगळं चालतं. ऊठ आणि जा त्यांच्याकडे. फोन नको, मेसेज नको, यतीनला पुढे करू नकोस. एकटी जा.

राग आहे, लोभही आहे. दोन्ही तुझेच.

अर्चनाताई

रीडिंग
३ मे

ती. अर्चनाताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र कुरिअरने पाठवतेय, तुम्ही विमानात बसायच्या आत मिळायला हवं.

मी फ्लॅटवर गेले तर ते नव्हते. तियागो सांगेना. शेवटी सियाने सांगितलं, इतक्या दिवसांत माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती एवढंच. ते गुरुवारी ट्रेनने स्विंडनला जातात. तिथे पोर्तुगीज पासपोर्टवर आलेली गोव्याची पुष्कळ माणसं आहेत, त्यांच्या एका कॅफेत दुपारी गातात. न गाता राहवत नाही, आणि रीडिंगमध्ये आमच्यापैकी कुणी बघेल, म्हणून तिकडे. तोंड लपवायचं मी, आणि गाव सोडून जायचं त्यांनी.

परवा सुट्टी टाकून गेले. दारातूनच आवाज ऐकू आला. ताई, लॅपटॉपवर मी आवाज बंद करून बघितलं होतं, सिया वरच्या खोलीत होती म्हणून. म्हणजे मी त्यांना ऐकलंच नव्हतं. खरखरीत, खालच्या पट्टीतला आवाज. टेबलाशी बसलेल्या बायका जेवायच्या थांबल्या होत्या. मला सियाची आठवण आली, आणि मी दारातच उभी राहिले.

तेवढ्यात त्यांनी मला बघितलं. अर्ध्या ओळीत थांबले. गिटार उतरवून ठेवली आणि खुर्च्यांमधून वाट काढत माझ्याकडे आले. आणि ताई, त्यांनी माझी माफी मागितली. म्हणाले, इथे तुमच्यापैकी कुणी येणार नाही अशी खात्री होती, चूक झाली, लग्न होईपर्यंत इथेही गाणार नाही. अख्खा कॅफे बघत होता. माफी मागायला मी गेले होते गं.

मी बोलले जमेल तसं. रडले पण. त्यांनी पाण्याचा ग्लास आणून दिला, मी गाणं पुरं करा म्हटलं तर मान हलवली आणि गिटार पेटीत ठेवली. परत येताना एकाच ट्रेनमध्ये होतो. मी विनवलं, की लग्नात गा, सियासाठी गा. त्यांनी विचारलं, की माइक हातात देताना त्यांची ओळख कोण म्हणून करून देणार. मी तिथल्या तिथे मोठ्याने इंग्लिशमध्ये म्हणून दाखवलं, की हे माझे व्याही, पोर्तुगालचे रॉक सिंगर आहेत. समोरच्या बाईने हेडफोन काढून आमच्याकडे बघितलं. मला वाटलं, जमलं मला. ते हसले नाहीत. अगदी मऊ आवाजात म्हणाले, की या ट्रेनमध्ये तुम्हाला कुणी ओळखत नाही.

रीडिंग येईपर्यंत दोघंही खिडकीबाहेर बघत बसलो.

तेव्हा हे पत्र तुझ्या एकटीसाठी नाही. सगळे जेवायला जमतील तेव्हा मोठ्याने वाच, भाऊजींपुढे, अतुलपुढे, सुनेपुढे, नातवंडांपुढे. आधीचं पत्रही वाच. मला त्यांची लाज वाटली होती, हे वाक्य गाळू नकोस. उद्या आमच्या मंडळाचा महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम आहे. तिथे स्टेजवर जाऊन मी हेच वाचणार आहे, व्याह्यांना पहिल्या रांगेत बसवून. ते येतो म्हणालेत, गाण्याचं काही म्हणाले नाहीत. तिथे मला सगळे ओळखतात.

लोभ उरला असेल तेवढा असू दे.

तुझी,
मालविका