दोन खुर्च्या, एक बाक

प्रिय धाकट्या,

फोन असताना हे पत्रबित्र कशाला, असं तू म्हणशील. पण मी फोनवर बोलायला लागले की आप्पा हातातलं काम थांबवतात आणि बाकावरची मंडळी कानात प्राण आणून ऐकतात. हे फक्त तुझ्याशी बोलायचंय. आधी खुशाली सांगते. सलूनचा मोठा आरसा बदलला, पंखा अजून तसाच किरकिरतो, आणि तू पाठवलेला प्रोग्राम माझ्याकडे व्यवस्थित चालला. दिवसभर कात्री चालवणाऱ्या हाताला माउस काही जड जात नाही, तेव्हा उगाच भुवया उंचावू नकोस.

सुट्टीत आला होतास तेव्हाचं आपल्या सलूनचं तुझं पहिलं कॉम्प्युटर मॉडेल आठवतं का? कोपऱ्यात बसून कोण कधी आलं, कोण कधी उठलं ते टिपत होतास. गिऱ्हाईक आलं, बाकावर बसलं, जी खुर्ची मोकळी झाली तिच्यात गेलं, केस कापून बाहेर पडलं. एक घटना झाली की कॉम्प्युटर उडी मारून पुढच्या घटनेवर जातो, मधल्या वेळात काही घडतच नाही, असं तू समजावलंस. त्याला डिस्क्रीट इव्हेंट म्हणतात हेही मी पाठ केलं. उत्तर आलं की आपल्याला दोन खुर्च्या भरपूर झाल्या, कुणाला फारसं थांबावंच लागणार नाही. ते तू मोठ्या ऐटीत वाचून दाखवत होतास तेव्हा बाक खचाखच भरला होता आणि माझ्या रिकाम्या खुर्चीत तूच लॅपटॉप घेऊन बसला होतास. आप्पांना हसू आवरेना. तुझं तोंड मात्र बघण्यासारखं झालं होतं.

पण तू चिवट. परत गेल्यावर फोन करकरून मला विचारत राहिलास, माझी खुर्ची रिकामी असताना आप्पांसाठी कोण का थांबतं. मग मी एकेकाचं सांगितलं. घड्याळजींच्या लग्नात आप्पांनी त्यांचे केस कापले होते, तेव्हापासून दुसरा हात त्यांना चालत नाही. बेकरीवाले थांबतात कारण घड्याळजी थांबलेत. हेडमास्तर मला शाळेत फार ओरडलेत, आता माझ्या हातात वस्तरा बघितला की त्यांना ते सगळं आठवत असावं. त्यातून तू दुसरं मॉडेल केलंस, एजंट बेस्ड. त्यात तू रांग म्हणून काही आखलीच नाहीस. प्रत्येक माणूस एक ठिपका, प्रत्येकाला आपली सवय, आपला हट्ट, आणि शेजारचा काय करतो ते बघायची खोड. ते चालू केलं आणि ठिपके एकाच खुर्चीपाशी गोळा झाले, हुबेहूब आपला शनिवार. पहिलं मॉडेल चुकीचं नव्हतं, असं तू अजून म्हणतोस, आणि ते मला पटतं. तिकिटाच्या खिडकीमागे कोण बसलंय याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं, तिथे ते चालेल. आपल्याकडे चालणार नाही.

तर या ठिपक्यांसाठी तुला माहिती हवी म्हणून मी नीट बघायला लागले, आणि नको ते दिसलं. आप्पांचा उजवा हात थरथरतो. आधी मला चष्म्याचा दोष वाटला. मग दिसलं की वस्तरा धरताना ते मनगट गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टेकवतात. डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, हे वाढत जाणार, वस्तरा बंद करा. आप्पांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी दाढ्या सुरू.

गिऱ्हाइकांना कळत नाही असं समजू नकोस. सगळ्यांना कळतं. घड्याळजी डोळे मिटून मान ताठ धरतात. तरी बाकावरून कुणी उठत नाही. माझ्या खुर्चीत जाणं म्हणजे आप्पांच्या तोंडावर सांगणं, आणि ते कुणालाच जमत नाही. मी बोलावून पाहिलं, तर मला घाई नाही म्हणतात. मागच्या आठवड्यात बेकरीवाल्यांना कानाखाली लागलं. फार नाही, पण मानेपर्यंत रक्त आलं. त्यांनी स्वतःच तुरटी दाबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, मीच हललो. आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी कात्र्या पुसताना मला म्हणाले, माणसं माझ्यासाठी थांबलेली असताना मी उठू कसा. मला खरंच भीती वाटते रे. आज कानाखाली लागलं, उद्या गळ्याला लागलं तर ते जन्मभर स्वतःला माफ करणार नाहीत.

म्हणून तुझ्या प्रोग्राममध्ये हात घातला, रागावू नकोस. आधी घड्याळजींचा ठिपका माझ्या खुर्चीत बसवला. काही झालं नाही, बाकीचे जिथल्या तिथे. हेडमास्तरांना बसवलं, तेच. मग मला त्यात ‘घरचा’ नावाचा एक ठिपका सापडला. तू स्वतःलाही त्यात घातलं आहेस, लबाडा. तो उचलून माझ्या खुर्चीत बसवला. पहिल्यांदा घड्याळजी हलले, मग बेकरीवाले, मग हळूहळू सगळा बाक. पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं. दर वेळी वेगळं होतं, एखाद्या वेळी कुणीच हलत नाही, पण बहुतेक वेळा हलतात. त्यातले आकडे माझ्याच अंदाजाचे आहेत, हे मला कळतं.

तर आता खरं काम सांगते. येत्या शनिवारी ये, सकाळी, बाक भरलेला असताना. तू जन्मात आप्पांशिवाय कुणाकडे केस कापून घेतले नाहीस, तिकडे झिपऱ्या वाढवून सुट्टीची वाट बघतोस, हे ते येईल त्याला कौतुकाने सांगतात. तुला बघताच ते खुर्ची पुसतील आणि तुझ्यासाठी कापड झटकून उभे राहतील. तू त्यांच्यासमोरून पुढे जायचं आणि माझ्या खुर्चीत बसायचं. मी काय मागतेय ते मला माहीत आहे. त्यानंतर आप्पा काय करतील ते तुझ्या प्रोग्राममध्ये नाही, त्यांचा ठिपका तू केलाच नाहीस. पण मला हे काम त्यांनीच शिकवलंय, आणि तुझी मान मी नीट सांभाळीन. तोवर केस वाढलेलेच ठेव, वाटेत कुठे कापून येऊ नकोस.

तुझीच,
ताई