नेल्चेचे दात

लायडन, ३ मार्च १६५९

प्रिय वाउटर यांस,
स. न. वि. वि.

आपल्या भगिनीला, माझ्या नेल्चेला, जाऊन चार महिने झाले. आज आपले पत्र आले. तिला स्वयंपाकिणीच्या वेषात बसवून आपण काढलेले, पावाच्या उधारीपोटी गेलेले चित्र पाववाल्याने परत दिले आणि ते आपण मला देऊ करता! तिचे रीतसर व्यक्तिचित्र ‘पुढच्या वसंतात’ म्हणत मी लांबवले. तिचा चेहरा आता तेवढ्यातच उरला आहे.

मात्र एक विनंती. चित्रात ती दात दाखवून हसते. माझ्या बैठकीत धर्मगुरू येतात, लॅटिन शाळेचे विश्वस्त येतात. चित्रात दात दिसावेत ते मोलकरणींचे आणि मद्यप्यांचे. कृपया तिला काळा पोशाख व पांढरी गळपट्टी चढवावी आणि ओठ मिटवावेत.

स्नेहाकांक्षी,
लांबर्ट

हार्लेम, ६ मार्च

प्रिय दाजी,
सा. न. वि. वि.

काळा पोशाख सहज चढवीन. हाडांची काजळी, जवसाचं तेल, झालं. पण ओठ? खालच्या ओठावर शिशाच्या पांढऱ्या रंगाचा सुईच्या टोकाएवढा ठिपका आहे, त्यातच तिचा सगळा जीव. कागदावर तिचा चेहरा उतरवून ओठ मिटवून पाहिले, तर आईनं विचारलं, ही बाई कोण?

आणि ती हसत होती कुणाला? तुम्हालाच! तुमच्या लग्नाच्या जेवणात तुम्ही लॅटिनमध्ये आभार मानत होतात, समोरचा हेरिंग मासा मांजरानं पळवला, तरी तुम्ही एक विभक्ती सोडली नाहीत. चित्रासाठी बसली तेव्हा त्याचीच नक्कल करत होती माझ्यासमोर. उद्याच्याच नावेनं या, स्वतः बघा. तोवर कुंचल्याला हात लावत नाही.

तुमचा आगाऊ मेहुणा,
वाउटर

लायडन, १४ मार्च

प्रिय वाउटर यांस,
स. न. वि. वि.

परतीच्या नावेत चित्र कोणाच्याही हाती दिले नाही. जसेच्या तसे बैठकीत, खिडकीसमोर लावले आहे.

काल धर्मगुरू आले. ही मोलकरीण कोणाकडची, असे त्यांनी विचारले. ही माझी पत्नी असून मलाच हसते आहे, असे मी सांगितले. ते अवघडले. तेव्हा मी उभा राहिलो आणि आभाराचे ते भाषण त्यांना पहिल्या शब्दापासून म्हणून दाखवले, मांजरासह.

वाउटर, धर्मगुरूंचे खालचे दोन दात पडलेले आहेत. अकरा वर्षांच्या परिचयात मला हे ठाऊक नव्हते.

आईंना नमस्कार. आपल्या दोघांवर तिचा होता तो लोभ आता आपणच एकमेकांवर ठेवू.

आपला,
लांबर्ट