होबर्ट रॅटलिफची खरी सही

मी, एमरी लेस्टर स्टॉक्सडेल, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार वॉटर स्ट्रीट, हार्लन्स फेरी, ओहायो, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहीत आहे. हृदय निम्मे कामातून गेले आहे असे डॉक्टर म्हणतात. डोक्याबद्दल त्यांची तक्रार नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही, आणि आणण्याइतके कोणी घरी येतही नाही. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे पत्नीच्या नावे केले होते आणि ती माझ्या आधी गेली.

कलम १. राहते घर मी धाकटी बहीण मॉडी हिला देतो. तिला एकटीला. तिचा नवरा क्लिफर्ड याने घरात खुशाल राहावे, पण कागदावर त्याचे नाव येता कामा नये. मॉडी, मागचे दार पावसाळी हवेत फुगते, तेव्हा खालून लाथ मारायची, वरून नाही.

कलम २. बँकेत जे असेल त्यातून माझे दफन उरकावे, पत्नीच्या शेजारी. उरेल ते चर्चच्या छपरासाठी द्यावे. फुले नकोत.

कलम ३. गावच्या 'फेरीमेन' बेसबॉल संघाच्या खोलीत मी पंचवीस वर्षे काम केले. खेळाडूंचे कपडे धुतले, बुटांचे तळवे ठोकले, नव्या चेंडूंची चकाकी जावी म्हणून त्यांना नदीचा चिखल चोळला. माझा दाभण, मेणदोरा, बूट ठोकायची लोखंडी पावले हे सर्व गावच्या हायस्कूलच्या संघाला द्यावे. मैदान विकून तिथे दुकाने बांधणाऱ्या मालकाला मी माफ केलेले नाही. मरताना सगळ्यांना माफ करावे असे पाद्री म्हणतात. मी प्रयत्न केला, जमले नाही.

कलम ४. वर उल्लेख केलेले माझे मेहुणे क्लिफर्ड यांनी मला पंचवीस वर्षे, दर नाताळच्या जेवणाला, सगळ्यांदेखत "काय धोबीमहाराज!" अशी हाक मारली. त्यांना मी माझी इस्त्री देतो. चालू आहे.

कलम ५. माझ्या कपाटाच्या वरच्या खणात, राखाडी लोकरी मोज्यात, एक बेसबॉल आहे. तो मी वॅनेटा रॅटलिफ हिला देतो. ती केंटकीच्या डोंगरात पहिलीच्या वर्गाला शिकवते. पत्ता मोज्यातच आहे. हे मृत्युपत्र मी मुख्यतः या एका कलमासाठी लिहिले आहे. इथून पुढचे तिला उद्देशून आहे. वकिलांनी चालवून घ्यावे.

वॅनेटा, एप्रिलमध्ये तू खोके घेऊन माझ्या दारात आलीस. सह्यांचे चेंडू जमवायला नुकतीच सुरुवात केली आहे, म्हणालीस.

"मला बाकीच्या खेळाडूंशी काही देणंघेणं नाही, मिस्टर स्टॉक्सडेल. ज्यावर बाबांची सही असेल तेवढेच घेते. सात झालेत. मी दोन वर्षांची होते हो ते गेले तेव्हा. घरात त्यांच्या हातचा कागदाचा कपटा नाही. पत्र लिहायचा कंटाळा होता त्यांना, असं आई म्हणायची."

मग तू एक चेंडू माझ्यासमोर फिरवलास. "बघा ना, किती सरळ, शांत हात आहे. असा माणूस कधी कुणावर ओरडला नसणार."

मी उठलो, खणातला मोजा आणला, आतला चेंडू तुझ्या हातात ठेवला. तू तो खिडकीशी धरलास आणि हसलीस.

"ही सही कुणीतरी पोराटोरानं केलीय. बाबांची नाहीच ही! आणि ही अरुंद जागा तर मॅनेजरची असते, इथे खेळाडू कशाला सही करेल? दुकानदारानं बजावलंय मला, असले बनावट पुष्कळ फिरतात. फेकून द्या."

मी चेंडू मोज्यात घातला आणि विचारले, "कॉफी घेशील?"

त्या कॉफीची मला आजतागायत लाज वाटते. पण मी शब्दाने बांधलेला होतो. आता हा कागद उघडला गेला आहे म्हणजे मी सुटलो. तेव्हा ऐक.

दर रविवारी सामना संपला की मी लांब टेबलावर डझनभर चेंडू मांडायचो. इस्पितळाला, शाळेला, गावातल्या बड्या मंडळींना ते जायचे. खेळाडू ओळीने यायचे आणि एकेका चेंडूवर सही करत पुढे सरकायचे. दोन्ही बाजूंचे टाके जिथे अगदी जवळ येतात ती जागा मॅनेजरसाठी कोरी सोडायची, हा दंडक. १९५१ च्या उन्हाळ्यात तुझे वडील आले. बावीस वर्षांचे, डावखुरे पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारे. दर रविवारी त्यांच्या डाव्या हाताला पट्टी असायची. सोमवारी नसायची.

चौथ्या रविवारी सगळे गेल्यावर मी दार लावून घेतले.

"हाताला काय झालंय, होबर्ट?"

"मुरगळलाय."

"मुरगळलेल्या हातानं काल नऊ डाव टाकलेस?"

तो मळक्या कपड्यांच्या ढिगावर बसला. बराच वेळ बुटाची नाडी सोडत आणि बांधत राहिला.

"मला माझं नाव लिहिता येत नाही, एमरी. बाप गेला तेव्हा दहाचा होतो, शाळा तिथंच सुटली. करारावर बायकोनं सही केली माझ्या नावानं. इथं कळलं ना यांना, तर माझं जगणं मुश्कील करतील. संघातल्या त्या जाड्याला जेवणाआधी प्रार्थना म्हणतो म्हणून किती छळतात, बघतोस ना?"

मी पेन उचलले आणि बाराही चेंडूंवर त्याचे नाव लिहिले. माझे अक्षर चांगले आहे. शाळेतल्या बाईंनी पट्टी मारून मारून सरळ केलेले. त्याने एकेक चेंडू हातात घेऊन पाहिला, जणू कुणी त्याचा फोटो काढला होता.

"तू जिवंत आहेस तोवर कुणाला सांगायचं नाही. शप्पथ घे."

"घेतली. आणि मेल्यावर?"

"मेल्यावर काय बोंबलायचंय ते बोंबल!"

त्या परवानगीवर मी हे लिहीत आहे. चार मोसम त्याच्या सगळ्या सह्या मी केल्या. तुझ्याकडच्या सातही माझ्याच आहेत. होबर्ट रॅटलिफची म्हणून जी सही दुकानदार ओळखतात, ती माझी आहे. त्या चेंडूंचा राग धरू नकोस. त्यांवरची बाकीची नावे खरी आहेत, आणि तुझ्या वडिलांचे नाव मी त्यांच्या संमतीने, त्यांच्यासमोर बसून लिहिले आहे. तुला दिसलेला तो सरळ, शांत हात मात्र माझा.

१९५४ च्या जूनमध्ये तो म्हणाला, "पोरगी दोनची झाली. उद्या शाळेत जाईल, आणि बापाला विचारेल हे कुठलं अक्षर."

मी शिकवायला लागलो. धुण्याच्या वाफेने आरसा धुरकटला की तो त्यावर बोटाने अक्षरे काढायचा, आणि कुणाची चाहूल लागली की बाहीने पुसायचा. कागदावर मात्र त्याची ओळ घसरायची. मग मीच सुचवले, चेंडूवर लिही, त्या अरुंद जागेत. वर टाके, खाली टाके, आयती आखलेली ओळ. मोसमाच्या शेवटच्या दिवशी त्याने कोरा चेंडू घेतला आणि जिभेचे टोक दातांत धरून लिहायला बसला. घड्याळ मी पाहिले नाही, पण कपड्यांची एक अख्खी खेप धुऊन झाली.

"वॅनेटासाठी आहे," तो म्हणाला. मग चेंडू लांब धरून पाहिला आणि तोंड वाकडे केले. "दारुडा घरी चाललाय जसा! हा तुझ्याकडे ठेव. पुढच्या मोसमात सरळ लिहीन, तो पाठवू तिला."

मोसम संपला की तो गावी कोळशाच्या खाणीत कामाला जायचा. त्या नोव्हेंबरात खाणीचे छत कोसळले. पुढचा मोसम त्याला मिळाला नाही.

आणखी एक. तो ओरडायचा, वॅनेटा. पंचांवर ओरडायचा, ढगांवर, माझ्या पुचाट कॉफीवर ओरडायचा. तुझ्या जन्माची तार मीच वाचून दाखवली, तेव्हा तो धुण्याच्या टोपलीवर चढून असा ओरडला की नदीतल्या बोटीने भोंगा वाजवून उत्तर दिले. शांत बाप मी तुला नकळत दिला. तो परत दे आणि हा ठेव.

तू पहिलीच्या मुलांना अक्षरे शिकवतेस. या चेंडूवरचे मधले एक अक्षर उलट्या तोंडाचे आहे, आणि शेवटची दोन अक्षरे टाक्यांवर चढली आहेत. पेन किती दाबले आहे ते नखाने चाचपून पाहा. असे कोण लिहितो, हे तुला कुठल्याही दुकानदारापेक्षा जास्त कळेल.

दुकानदार मात्र मानणार नाही. खरा चेंडू खोट्यांशी जुळत नाही, म्हणून तो खऱ्यालाच खोटा म्हणेल. यासाठीच मी हे मृत्युपत्र टंकलिखित करून घेतले नाही. खाली माझ्या सहीनंतर, साक्षीदारांदेखत आणि समोर नमुना न ठेवता, तेहतीस वर्षांनी मी तुझ्या वडिलांचे नाव लिहीन. तुझे सातही चेंडू त्याच्या शेजारी ठेवून बघ.

स्थळ: हार्लन्स फेरी. दिनांक: ९ नोव्हेंबर १९८७.

(सही) एमरी लेस्टर स्टॉक्सडेल

होबर्ट रॅटलिफ

साक्षीदारांचे निवेदन: वरील दोन्ही नावे मिस्टर स्टॉक्सडेल यांनी आमच्यादेखत, एका बैठकीत, एकाच पेनने लिहिली. मजकूर आम्ही वाचलेला नाही. दुसरे नाव कोणाचे, असे आम्ही विचारले. त्यांनी सांगितले नाही. स्वतःचे नाव लिहिताना त्यांचा हात थरथरत होता आणि पेन दोनदा उचलावे लागले. दुसरे नाव त्यांनी एका दमात, सरळ लिहिले.

(सही) ओपल ब्रँडनबर्ग, शेजारी
(सही) लमार टीग, निवृत्त पोस्टमन