पौषातला हुरडा

आप्पा,

सकाळपासून भुरभुर लागली आहे आणि वर थंडी. ऐन पौषात पाऊस! तुम्ही असता तर ओट्यावर उभं राहून आभाळालाच शिव्या घातल्या असत्या, कांद्यावर करपा येईल, ज्वारी काळी पडेल म्हणून, आणि त्या शिव्या कॅनॉलपलीकडच्या वस्तीलासुद्धा ऐकू गेल्या असत्या. शेतकऱ्याच्या लेकीनं अवकाळी पावसावर खूश होऊ नये, एवढं मलाही कळतं हो. पण काय करू? सावेडीतल्या या गॅलरीत शाल गुंडाळून बसले आहे. दारावरची बेल वाजत नाही. खालच्या बायका जिन्यात गप्पांना थांबत नाहीत. स्कूटरवरची माणसं रेनकोटाच्या टोपीत तोंड घालून सरळ आपापल्या घरी चालली आहेत. आज कुणालाच कुणाशी बोलायचं नाही. माझ्यासारखीला आणखी काय पाहिजे!

मला लहानपणापासून हेच हवामान मानवलं. पावसात शाळेला निघाले की तुम्ही पोत्याचं एक टोक दुसऱ्यात खोचून त्याची खोळ करायचा आणि माझ्या डोक्यावर चढवायचा. ओल्या गोणपाटाचा तो वास मला अजून येतो. त्या खोळीत मी अगदी सुखात असायचे. वाटेत भेटणाऱ्याला पोतं चालताना दिसायचं, त्यामुळे 'कुणाची गं तू, कितवीला हाईस?' असं कुणी विचारायचं नाही. आणि थंडीत तर सगळं गावच माझ्यासारखं व्हायचं. कानाला मफलर, हात काखेत, मान खांद्यात आणि बोलणं कामापुरतं. उसावर धुकं उतरलं की मी बांधावर नुसती उभी राहायचे, पाच पावलांवरचा माणूस मला दिसत नाही आणि मी त्याला दिसत नाही या आनंदात. उन्हाळा आला की माझी पंचाईत. लग्नसराई, अंगणात टाकलेल्या बाजा, त्यावर पाहुणे, आणि 'ये की पुढं, लाजतीस काय?'

आणि तुम्ही! देवळाली प्रवरेच्या बाजारात तुम्ही कुणाला हाक मारली की दहा जण वळून बघायचे. अशा माणसाच्या पोटी ही घुमी पोरगी कशी आली, याचं नवल सगळ्यांनाच. कुणी बोलून दाखवलं तर तुम्ही म्हणायचा, "हिच्या वाटचं बी मीच बोलतो. काय बिघडलं?"

बिघडलं ते मला पाहायला पाहुणे यायला लागल्यावर. त्या वर्षी दिवाळीनंतर दोन स्थळं आली. डोक्यावरून पदर, हातात पोह्यांचा ट्रे, समोर खुर्च्यांवर ओळीनं बसलेली माणसं. नाव विचारलं आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. पाहुण्यांमधल्या एका बाईनं आईला आत जाऊन हळूच विचारलं, "मुलगी मुकी तर नाही ना?" ते तुमच्या कानावर गेलं आणि मग तुम्ही बाहेर असे सुटलात की माझं नाव, माझं शिक्षण, मला पुरणपोळी कशी जमते, सगळं तुम्हीच सांगितलं. निरोप आला, 'वडील फार मोकळे आहेत, मुलीचं मात्र काही कळलं नाही.' तेवढ्यात आत्यानं एक बिजवर सुचवला, माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठा. त्याला म्हणे कमी बोलणारीच हवी होती. आई म्हणाली, अजून एक नकार आला तर त्यालाच हो म्हणावं लागेल. मी गोठ्यात जाऊन रडले.

मग एक दिवस तुम्ही जाहीर केलं की श्रीरामपूरची माणसं येणार, पण घरी नाही, शेतावर. आई भडकलीच. "पौषात कुनी पोरगी दाखवतं का? लोक काय म्हनतील?"

"दाखवतंय कोन?" तुम्ही म्हणालात. "हुरडा खायला बोलावलंय."

त्या पळवाटेचं मला अजून हसू येतं. पौषात पाहण्याचा कार्यक्रम करत नाहीत, म्हणजे हा कार्यक्रम नव्हेच. मग पदर कशाला, ट्रे कशाला आणि प्रश्न तरी कशाला?

ती सकाळ अजून डोळ्यांपुढे आहे: धुकं पुरतं उठलेलं नाही. उसाच्या कडेला तुम्ही हुरड्यापुरती ज्वारी ठेवली आहे, तिथंच खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवली आहे. मी तिच्याशी बसून निखाऱ्यात कणसं खुपसते आहे. जीपमधून मुलगा आणि त्याचे आईवडील उतरतात, तिघंही कानापर्यंत गुंडाळलेले. तुम्ही "या, बसा" म्हणता आणि तेवढंच. मी वाट बघते, आता सुरू होईल, मग सुरू होईल. तुम्ही आपले गरम कणीस हातावर चोळताय, दाणे त्यांच्यापुढे सरकवताय, गूळ देताय, लसणाची चटणी देताय. तोंडातून अवाक्षर नाही. आई तुमच्याकडे टकामका बघते आहे. हळूहळू पाहुणेही गप्प होतात. सगळ्यांचे डोळे निखाऱ्यांकडे, हात कामात, तोंडात गोड कोवळा दाणा. माझ्याकडे कुणीच बघत नाही. इतक्या माणसांत इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

मुलाच्या घरचं कापडाचं दुकान. हुरडा त्यानं आजवर ताटलीतच पाहिलेला. त्यानं कणीस चोळलं, हात भाजला म्हणून नाचला आणि तळहातावरचं भुसकट उडवायला वाऱ्याकडेच तोंड करून जोरात फुंकर मारली. सगळं भुसकट उलटं फिरून शेजारी बसलेल्या वडिलांच्या मिशांत, भुवयांत आणि हातातल्या चहात! मला हसू आवरलंच नाही. "अहो, वाऱ्याकडं तोंड करून काय फुंकताय? पाठ करून बसा!" मी म्हणाले. ते माझ्याच तोंडून निघालं हे मला मागाहून कळलं. "मग कसं करायचं?" त्यानं विचारलं. मी त्याला दाखवलं, कणीस कसं धरायचं, किती चोळायचं, फुंकर कशी हलकी मारायची. त्याच्या आईनं मधेच माझं नाव विचारलं आणि फुंकर मारता मारता मी ते सांगूनही टाकलं.

निघताना त्याचे वडील तुम्हाला म्हणाले, "पोरगी छान बोलते हो. तुम्ही मात्र अगदीच घुमे!" तुम्ही नुसते हात जोडलेत.

जीप कॅनॉलच्या वळणाला दिसेनाशी झाली आणि तुम्ही गालातून सुपारीचं अख्खं खांड काढून बांधावर फेकलंत. "आयला, जीव चालला हुता माझा!" उसातले पक्षी उडाले त्या आवाजानं. आई हसत हसत खालीच बसली. "सकाळधरनं धरलीय तोंडात," तुम्ही म्हणालात. "तोंड उघडलं असतं तर हिच्या वाटचं बी बोलून बसलो असतो."

मला वाटलं, ते त्या दिवसापुरतं होतं. पण लग्नानंतर तुम्ही पहिल्या दिवाळीला मला न्यायला आलात तेव्हाही गालात सुपारी. बारशाला सुपारी. नंतर दर वेळी तेच. एकदा मी दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "आप्पा, आता बोला की. पोरं झाली मला."

"नको," तुम्ही हळूच म्हणालात, हळू बोलणं तुम्हाला किती जड जायचं! "तुझ्या सासूला वाटतंय, तू माझ्यावर गेलीस. वाटू दे. बोलत न्हाई म्हनून कुनी टोकलं का तुला आजवर?"

कुणीच टोकलं नव्हतं. कधी पाहुण्यांत मी गप्प बसले, पावसाचं निमित्त करून माडीवर एकटीच बसून राहिले, तरी सासूबाई कौतुकानं सांगायच्या, "बापच तसा आहे तिचा." तुमच्या दहाव्याला प्रवरेच्या काठी वस्तीवरची माणसं तुमच्या आवाजाच्या गोष्टी सांगून रडत होती, हसत होती. सासरे गोंधळून माझ्या कानाशी आले. "कुणाबद्दल बोलताहेत हे?" मी नदीकडे बघत राहिले. आजवर सांगितलेलं नाही मी, ना त्यांना, ना यांना.

आता हेही गॅलरीत येऊन बसले आहेत. दोघांचा चहा आणला आहे, न बोलता. भुरभुर चालूच आहे. किती छान शांत आहे, आप्पा. हे पत्र टाकायला पेटी नाही आणि असती तरी मी लाजलेच असते. पण एक सांगते. मघाशी, हे आत चहा टाकत होते तेव्हा, आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी उठले, कठड्यावर वाकले आणि आभाळाला एक सणसणीत शिवी घातली. तुमच्या वाटची.